चिंचेने घासलेला कप

शाळा बंद पडली, दुकान बंद पडलं, पोस्ट उठून गेलं, शेवटी डॉक्टरही गेला, की मग गावाला आपला वारसा आठवतो. जिवंतपणी ज्याला कुत्रं विचारत नाही त्याच्या फोटोला मेल्यावर हार घालतात, त्यातलाच हा प्रकार. नेदर ऑक्सली हे इंग्लंडातलं, लिंकनशायरच्या बटाट्याच्या शेतांमध्ये वसलेलं तीनशे बारा माणसांचं गाव. त्याने यंदा 'हेरिटेज डे' काढला, आणि सत्तावीस वर्षं त्या गावाचे डॉक्टर असलेल्या राजाराम सबनीसांच्या बायकोला न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, ईमेल धाडली. राजाराम जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि लताबाईंना एकोणऐंशी लागलं होतं. तुमच्या सकाळी दहाला व्हिडिओवर या, आम्ही सगळे हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर बसू, जुन्या आठवणी सांगा, असं त्या ईमेलमध्ये होतं. इथपर्यंत ठीक. पण खाली ताजा कलम होता. गावच्या वार्षिक प्रदर्शनाचा चांदीचा फिरता कप २००१ पासून बेपत्ता आहे, त्याबद्दल काही आठवत असल्यास कृपया सांगावं.

कप इथेच, लताबाईंच्या मुलाच्या, प्रतापच्या घरात होता. वरच्या मजल्यावर, कपाटात, जुन्या साडीत गुंडाळलेला. आणि मार्गशीर्षातले गुरुवार, गणपती, सत्यनारायण असलं काही आलं की खाली यायचा, कारण चोवीस वर्षं तो सबनीसांच्या घरात कलश होता.

ते असं झालं. प्रतापच्या नव्या घराची पूजा होती, तांब्याचा कलश ऐनवेळी सापडेना, आणि राजारामांनी हा दोन कानांचा कप पुढे केला. एडिसनहून आलेल्या गुरुजींनी तो उलटसुलट करून पाहिला, त्यांना पुढे अजून दोन पूजा होत्या, त्यामुळे ते म्हणाले, चालेल. एकदा चाललेली गोष्ट आपल्याकडे दुसऱ्या वर्षी परंपरा होते आणि तिसऱ्या वर्षी तिला हात लावला तर पाप लागतं.

रविवारी सकाळी आठला स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती कोर्ट बसलं.

"सिंपल आहे," प्रताप म्हणाला. "कपचा विषय काढायचाच नाही. त्यांनी विचारलं तर, नो आयडिया. मग वेदर कसं आहे विचारायचं."

प्रताप लताबाईंचा थोरला. दोन वर्षांचा असताना त्या गावात गेला, अठराव्या वर्षी बाहेर पडला, आणि अडचण आली की हवामानावर बोलायचं ही गावची विद्या तेवढी बरोबर घेऊन आला. आता तिरेपन्नाव्या वर्षीही त्याचं तिच्यावर भागत होतं.

"दादा, ती दुसऱ्याची वस्तू आहे," यामिनी म्हणाली. ती धाकटी. काल संध्याकाळी हर्नडनहून चार तास ड्राइव्ह करून आली होती. सरकारी कामं घेणाऱ्या एका कंपनीत नियम नीट पाळले जातात का, हे बघायची तिची नोकरी होती, आणि तिला सुट्टी कशी घ्यायची ते माहीत नव्हतं. "सरळ सांगायचं. पॅकिंगमध्ये चुकून आला, आम्हाला आत्ता सापडला, सॉरी, उद्या कुरियर करतो. संपलं."

"आत्ता सापडला? दर गणपतीचे फोटो फेसबुकवर आहेत. त्यात कलश दिसतोय."

"मग ते फोटो डिलीट कर."

"वा. कंप्लायन्स."

"आजी, डोन्ट गिव्ह इट बॅक," नैना म्हणाली. ही प्रतापची मुलगी, कॉलेजात इतिहास शिकत होती आणि टेबलावर पाय घेऊन सिरियल खात होती. "आय मीन, त्यांच्या म्युझियम्समध्ये बघ ना किती आपलं सामान आहे. धिस इज रेपरेशन्स."

"म्हणजे काय गं?" लताबाईंनी विचारलं.

"म्हणजे, लाइक, परतफेड."

"परतफेड राणीकडून घ्यायची. डोरोथीकडून नाही. पाय खाली घे."

डोरोथी हे नाव आलं आणि लताबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला तो जरा वाजला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलं आईवडलांचं ऐकत नाहीत अशी ओरड आहे, पण त्याहून खरं म्हणजे मुलं आईवडलांकडे बघत नाहीत.

कारण कप चुकून आला नव्हता. लताबाईंनी आणला होता.

त्या गावात त्या १९७४ साली गेल्या, कारण तिथे जायला एकही गोरा डॉक्टर तयार नव्हता. राजाराम पेशंट बघायचे, लताबाई दवाखान्याच्या काउंटरवर बसायच्या, फोन घ्यायच्या, फायली काढायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी सप्टेंबरातल्या गावच्या प्रदर्शनात गूसबेरीची चटणी ठेवली. गूसबेरी म्हणजे आपल्या रायआवळ्याची गोरी चुलतबहीण, तशीच आंबट, तशीच हट्टी. चटणी हरली. पुढल्या वर्षी हरली. पंचवीस वर्षं हरली. सव्विसाव्या वर्षी, २००० साली, बाहेरगावचा जज आला, त्याने नुसते नंबर बघून बरण्या चाखल्या आणि कप लताबाईंना दिला. कप वर्षभर घरी ठेवायचा, पुढच्या प्रदर्शनाआधी चकचकीत करून परत द्यायचा, मग कमिटी त्यावर जिंकणाऱ्या बाईचं नाव कोरून घेते, अशी तिथली पद्धत.

फेब्रुवारीत डोरोथी पेल लेमन केक घेऊन आली. तीस वर्षं प्रदर्शनाची सेक्रेटरी, आणि लताबाईंची त्या गावातली एकमेव मैत्रीण. केकबरोबर तिने कमिटीचं पत्र आणलं होतं, स्वतः टाइप केलेलं. पुढच्या वर्षीपासून हा कप फक्त 'या परगण्यात परंपरेने चालत आलेल्या' पदार्थांना देण्यात येईल. तोंड गोड करून कानाखाली वाजवायची ही तिकडची रीत. लताबाईंनी केकचे दोन तुकडे खाल्ले, छान झालाय म्हणाल्या, आणि मे महिन्यात अमेरिकेचं सामान बांधताना कप लग्नातल्या शालूत गुंडाळून खोक्याच्या तळाशी घातला. इथे खोकं उघडल्यावर "अगंबाई, हे कसं आलं" असं इतकं बेमालूम म्हणाल्या, की राजारामसुद्धा फसले. किंवा फसल्यासारखं केलं. ते आता विचारायची सोय नाही.

पहिला दिवस आनंदात गेला. मग सप्टेंबरात पाद्र्याच्या बायकोचं पत्र आलं. डॉक्टरांच्या बायकोने जाण्याआधी कप परत केलाच असणार असं सगळ्यांनी धरलं, सेक्रेटरीकडे त्याची काहीच नोंद नव्हती, म्हणून गावाने डोरोथीला धारेवर धरलं, काहींनी तर तिनेच तो विकला असंही म्हटलं, आणि डोरोथीने राजीनामा दिला. लताबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. उत्तर लिहिलं नाही. आधी राग होता म्हणून, मग लाज होती म्हणून, मग इतकी वर्षं झाली म्हणून. चोवीस वर्षांत त्यांनी त्या कपाला हात लावला नव्हता. पूजेला बसल्या की नारळाकडे बघायच्या.

डोरोथी आता सत्त्याऐंशीची होती आणि दहा वाजता हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार होती, असं ईमेलमध्ये लिहिलं होतं. पुन्हा अशी संधी येईल असं दोघींच्याही वयाकडे बघून कुणी म्हटलं नसतं.

"यामिनीचं बरोबर आहे," लताबाई म्हणाल्या. "परत देऊ. सीमा, कप आण खाली."

सीमा ओट्याकडे तोंड करून पोहे परतत होती. ती प्रतापची बायको, माहेर नाशिकचं, आणि घरात वाद चालला असला की तिचे पोहे फार वेळ परतले जात.

"आई, आत्ता लगेच कशाला," ती म्हणाली. "पोहे गार होतील."

"सीमा."

"आणते."

तिने कप आणला आणि टेबलावर साडीसकट ठेवला. यामिनीने साडी सोडली. मग नैना म्हणाली, "वेट. चांदीचा ना?"

कप पिवळाधमक होता. पितळेचा. देवळातल्या समईसारखा झळकत होता. कानांच्या खोबणीत तेवढी चांदी उरली होती, नखाएवढी.

"चांदी कसली, नुसता मुलामा होता वाटतं," प्रताप म्हणाला आणि त्याने कप फिरवून बघितला. "यावर नावं होती ना? लहानपणी प्रदर्शनात मी वाचायचो. सगळीकडून नावं होती."

"नावं कुठे गेली वहिनी?" यामिनीने विचारलं.

"मी घासला," सीमा म्हणाली. "कलश आहे तर घासणार नाही का? चिंच लावायची, रांगोळी लावायची, मग तारेची घासणी. मला माझ्या आईने असंच शिकवलं. पहिली दोन वर्षं काळपट राहायचा. नंतर छान पिवळा निघायला लागला. मला वाटलं, आता कुठे स्वच्छ झाला."

"तारेची घासणी? चांदीवर? चोवीस वर्षं?" प्रताप म्हणाला.

"तुम्ही काय करत होता चोवीस वर्षं? सोवळं नेसून बसायचात, समोर कलश असायचा, एकदा तरी म्हणालात, अगं हा पिवळा का झाला? तुमचं लक्ष शिऱ्यावर."

"सीमा, धिस इज अ हंड्रेड इयर ओल्ड..."

"दादा, तिच्यावर ओरडू नकोस," यामिनी म्हणाली. ती आजवर वहिनीच्या बाजूने कधी बोलल्याची घरात नोंद नव्हती, त्यामुळे सीमाच्याही हातातला झारा थांबला. "घासणार ती, पुसणार ती, मांडणार ती. तू वर्षातून एकदा त्याच्यावर नारळ ठेवतोस. तोही वाकडा."

"म्हणजे आता कुरियर करायचा नाही तर?"

"आता कसा करणार? पितळेचं भांडं पाठवून म्हणायचं हाच तुमचा कप?"

"दॅट्स व्हॉट आय सेड. विषयच काढायचा नाही."

"राइट. दादा म्हणतो तेच."

एवढ्यात युती फिरली होती. पाच मिनिटांपूर्वी कायद्याच्या बाजूने असलेली यामिनी आता हवामानाच्या पक्षात गेली. सीमा तिथे आधीच जाऊन बसली होती. नैनाला इतिहास पुसला गेल्याचा प्रचंड आनंद झाला होता, ती कपाचे फोटो काढत होती. माणसं तत्त्वासाठी भांडतात ती आपली लाज झाकेपर्यंत, पुढे तत्त्वाला कुणी वाली नसतो.

लताबाईंनी कप उचलला. चोवीस वर्षांनी पहिल्यांदा. अंगठा त्यावरून फिरवला. जिथे अक्षरं बोटाला लागायची तिथे काही लागलं नाही, सगळं गुळगुळीत. त्यांना वाटलं होतं आपण एक वस्तू चोरली. वस्तू परत देता येते.

"आई, ठरलं ना मग?" प्रतापने विचारलं. "कपबद्दल काही बोलायचं नाही. प्लीज."

"पोहे वाढ," लताबाई म्हणाल्या.

दहाला लॅपटॉप लागला. लताबाई मध्ये, बाजूला प्रताप, मागे यामिनी आणि नैना. सीमा दाराशी, चित्रात येणार नाही अशी. कप टेबलाखाली, लताबाईंच्या पायांशी.

पडद्यावर नेदर ऑक्सलीचा हॉल आला. पन्नासेक माणसं, तेवढ्याच खुर्च्या रिकाम्या. पुढे फियोना नावाची बाई उभी होती. लंडन सोडून तीन वर्षांपूर्वी त्या गावात राहायला आलेली आणि लगेच गावाच्या इतिहासाची मालकीण झालेली. असली माणसं सगळ्या गावांत येतात, आणि खरं सांगायचं तर तीच काहीतरी करतात. बाकीचे चहाला येतात.

पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांत धरून, डोरोथी बसली होती. फार लहान झाली होती.

फियोनाने स्वागत केलं, डॉक्टरांसाठी एक मिनिट उभं राहायला सांगितलं, मग विचारलं, गावाबद्दल पहिली आठवण कुठली? लताबाईंचं इंग्रजी त्या गावच्या शेतकऱ्यांचंच होतं, बसकं आणि सरळ, त्यामुळे हॉलमधले म्हातारे त्यांनी तोंड उघडताच खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी थंडीचं सांगितलं. बर्फात ट्रॅक्टरवर बसून बाळंतपणाला गेलेल्या राजारामांचं सांगितलं. प्रताप समाधानाने मान हलवत होता.

"आणि आपलं प्रदर्शन?" फियोना म्हणाली. "तो कप? गावातल्या कुणाला काहीच माहीत नाही. मिनिट्सची वही पावसात भिजून गेली. आमच्याकडे एक फोटोसुद्धा नाही."

"वेदर कसं आहे तिकडे?" प्रताप म्हणाला.

लताबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या डोरोथीकडे बघत होत्या.

"कप मी नेला," त्या म्हणाल्या. "चुकून नाही. मुद्दाम. तुमच्या कमिटीने मला पत्र दिलं त्याचा मला राग आला होता, म्हणून मी तो साडीत गुंडाळून इकडे आणला. त्याचा बोल डोरोथी पेलला लागला. तो तिचा नव्हता. मला चोवीस वर्षांपूर्वी हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. मी चूक केली."

मागे यामिनीने श्वास घेतलेला ऐकू आला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. सगळे तसेच हसऱ्या चेहऱ्याने बसून होते. मग फियोना कानाला हात लावून म्हणाली, "सॉरी लता, यू आर ऑन म्यूट."

प्रतापचा हात कीबोर्डवर होता.

चोवीस वर्षांनी बाईने हिंमत केली आणि पोटच्या पोराने तिचा आवाज बंद केला. लताबाईंनी त्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायच्या तशी, आणि तो तिरेपन्न वर्षांचा माणूस "आऊ" म्हणाला, तेवढं हॉलला स्पष्ट ऐकू गेलं, कारण नैनाने तोवर आवाज सुरू केला होता.

लताबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा कबुली देणं पहिल्यापेक्षा सोपं जातं असं नाही, पण ती आखूड होते.

या वेळी हॉलमधले चेहरे बदलले. सगळे डोरोथीकडे बघायला लागले. डोरोथीने काठीवरचे हात बदलले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सामान बांधायला मीच आले होते ना तुझ्याकडे. त्या लाल साडीतून कपाचा कान बाहेर आला होता. मीच आत ढकलला. खोकंही मीच चिकटवलं."

लताबाई पडद्याजवळ सरकल्या. "मग बोलली का नाहीस तू? सेक्रेटरीपद गेलं तुझं."

"ते पत्र मी टाइप केलं होतं," डोरोथी म्हणाली. "आणि केकही आणला होता वर. केकची मला जास्त लाज वाटली."

"केक चांगला होता."

"हो, पण चोवीस वर्षांत एक ख्रिसमस कार्ड नाही, लता. दोन ओळी लिहायच्या होत्यास. पोस्टात माझ्याशी कुणी बोलायचं नाही तेव्हा."

"मला वाटलं तू मला चोर म्हणशील."

"म्हणतेच आहे."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. फियोना दोन्हीकडे बघत हात चोळत होती. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत यानंतर चहा आणि स्कोन नावाचे गोडसर पाव होते.

"बरं, आणलास का समोर?" डोरोथीने विचारलं. "बघू दे. माझ्या आईचं नाव आहे त्यावर, दोनदा. गावात तिचं नाव दुसरं कुठे नाही. युद्धस्मारकाच्या खांबावर पुरुषांची नावं, चर्चच्या पाटीवर पाद्र्यांची. थडग्यावर माझ्या वडलांचं नाव आहे, आणि खाली 'व पत्नी'. कप देणाऱ्या म्हातारीने अट घातली होती, बाईचं नाव घाला, नवऱ्याचं नको. म्हणून तेवढं एकच ठिकाण."

लताबाई खाली वाकल्या. गुडघा दुखला. त्यांनी कप वर घेतला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. पडदाभर पिवळं झालं.

"नावं गेली, डोरोथी. घासून गेली. आम्ही त्याचा पूजेत कलश केला होता, दरवर्षी घासला."

"मी घासला," दारातून सीमा म्हणाली आणि डोळे पुसत चित्रात आली. "आई नाही. आय ॲम व्हेरी सॉरी, डोरोथी आंटी. मला वाटलं ती घाण आहे."

डोरोथीने चष्मा काढला. रुमालाने पुसला, पुसतच राहिली. नैनाने फोन खाली ठेवला.

"एकोणीसशे अडतीस," लताबाई म्हणाल्या. "एडिथ पेल, डॅमसनचा मुरंबा. पुन्हा एकोणीसशे एक्कावन्न, एडिथ पेल, त्या वेळी बीटचं लोणचं."

डोरोथीने मान वर केली.

"एकोणीसशे एकवीस, पहिलं नाव, ॲडा क्रॅक्स्टन. मार्मलेड. बावीसला पुन्हा ॲडा. तेवीसला मेबेल होम्स-टॉड, तिची सून माझ्याकडे गुडघ्याला मलम न्यायला यायची. चोवीसला रूथ गॅम्बल. लिहून घे गं बाई, नुसती बघतेस काय," हे फियोनाला. "पंचवीस आणि सव्वीस, हॅना स्टोक्स, दोन्ही वेळा बडीशेपेतल्या काकड्या."

"तुला कसं आठवतं एवढं?" प्रतापने मराठीत विचारलं.

"पंचवीस वर्षं हरले रे मी. जिंकणारी बाई आपलंच नाव बघते. हरणारी सगळी वाचते."

आणि त्यांनी सगळी सांगितली. युद्धात सहा वर्षं प्रदर्शन नव्हतं तेही सांगितलं. फियोना लिहीत होती, तिच्या मागे बसलेला एक शेतकरीही खिशातल्या कागदावर लिहीत होता. मध्ये मध्ये हॉलमधून कुणी म्हणायचं, ती माझी मावशी, आणि लताबाई म्हणायच्या, हो, मूळव्याधवाली.

"आई, पेशंट कॉन्फिडेन्शियल असतं," यामिनी कुजबुजली.

"ती वारली सत्त्याऐंशी साली. मूळव्याधीने नाही."

मागच्या रांगेतून टोपीवाला एक लठ्ठ माणूस उभा राहिला. "माझी आजी होती का? फ्लॉरेन्स स्टबिंग्ज? घरात सगळे म्हणतात तिने चारदा कप घेतला."

"एकदाही नाही," लताबाई म्हणाल्या. "दरवर्षी दुसरी यायची आणि तंबूच्या मागे जाऊन नवऱ्यावर ओरडायची. बसा."

तो बसला. शेजारच्या बाईने त्याची पाठ थोपटली. ती त्याची बायको असावी, कारण ती हसत होती.

नावं नव्व्याण्णव सालापर्यंत आली आणि लताबाई थांबल्या. पाणी प्यायल्या. फियोनाने पेन वर धरून विचारलं, "आणि दोन हजार?"

"ते कपावर नव्हतंच. परत दिल्यावर कोरतात. मी दिलाच नाही."

डोरोथी काठी टेकून उभी राहिली. शेजारच्याने हात द्यायला घेतला, तो तिने झटकला. मग समोर बघून, तीस वर्षं प्रत्येक सप्टेंबरात तंबूत वाचायची त्या आवाजात म्हणाली, "दोन हजार. लता सबनीस. गूसबेरी चटणी. प्रथम. परीक्षकांचा शेरा, उत्तम, किंचित तिखट."

सीमाने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. लताबाईंना तो नको होता असं नाही, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

"किंचित," त्या म्हणाल्या. "डोरोथी, एक राहिलं सांगायचं. त्या वर्षी मी मिरच्या निम्म्या घातल्या होत्या. पंचवीस वर्षं पुऱ्या घालायचे, तुमचे जज पाणी पीत बसायचे आणि मी हरायचे. शेवटी कंटाळून निम्म्या घातल्या, तेव्हा जिंकले. आणि तीसुद्धा तुमच्या कमिटीला परकी लागली."

"मला कळलं होतं चाखल्यावर," डोरोथी म्हणाली. "मला आधीचीच आवडायची. प्रदर्शन संपलं की उरलेली बरणी मीच घरी न्यायचे."

"तू? मला वाटायचं फेकून देता."

"त्या कमिटीतले सगळे गेले आता. मी एकटी उरलेय, आणि मी ते पत्र रद्द करते. फियोना, लिही." फियोनाने ते कुठलं पत्र हे न विचारता लिहिलं. "सप्टेंबरात प्रदर्शन आहे, लता. नावं कोरून घेतल्याशिवाय कप आणू नकोस. आईचं दोन्ही वेळा."

"कुरियर करू ना आपण," प्रताप हळूच म्हणाला. "आईच्या गुडघ्याला एवढी फ्लाइट..."

"मी घेऊन जाईन आईंना," सीमा म्हणाली. "तुम्ही शिरा करायला शिका तोवर."

"वहिनी, मीपण येते," यामिनी म्हणाली.

लताबाईंनी कप मांडीवर घेतला. "येते," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "एक बरणीही ठेवीन म्हणते यंदा."

डोरोथी खाली बसली, काठी पुन्हा गुडघ्यांत घेतली.

"मिरच्या?" तिने विचारलं.

"पुऱ्या," लताबाई म्हणाल्या.